ताप, सलाईन आणि मग धूसर डोळा: युव्हायटिस म्हणून स्टेरॉइड देण्याआधी काय बघायचं?

निफाडची ओपीडी

नमस्कार. तालुक्याच्या ठिकाणी काम करणाऱ्या आम्हा नेत्रतज्ज्ञांना अडणारा प्रश्न आहे, जाणकारांनी नीट सांगावं.

रुग्ण साधारण असा: चाळिशी-पन्नाशीचा शेतकरी, नाहीतर बाळंत होऊन महिना झालेली बाई. दोन-चार आठवड्यांपूर्वी ताप, जुलाब, अशक्तपणा, आणि गावातल्या दवाखान्यात दोन-तीन दिवस सलाईन. आता एका डोळ्याने धूसर. डोळा जेमतेम लाल, दुखणं नावापुरतं. डोळ्याचं ऑपरेशन नाही, मार नाही. स्लिट लॅम्पवर (डोळ्याच्या सूक्ष्मदर्शकावर) सेल्स (सुजेच्या पेशी) दोन प्लस, हायपोपियॉन (पुढच्या कप्प्यात साचलेला पू) नाही. व्हिट्रियस (डोळ्यातला पारदर्शक गर) गढूळ आणि त्यात एक-दोन पांढरे पुंजके. साखर आजवर कुणी तपासलेली नाही.

अशा वेळी कागदावर 'इंटरमीजिएट युव्हायटिस' (डोळ्याच्या मधल्या भागातली सूज) लिहिलं जातं, प्रेडनिसोलोन (स्टेरॉइडची गोळी) सुरू होतं किंवा डोळ्याच्या मागे त्याच गटातलं ट्रायअ‍ॅमसिनोलोन दिलं जातं. आठ दिवस बरं वाटतं, मग नजर हात हलताना दिसण्यापर्यंत घसरते.

हा आतला बुरशीचा संसर्ग असू शकतो हे पहिल्या भेटीत कशावरून ओळखायचं? नाशिकला पाठवण्याआधी इथे काय करावं आणि काय अजिबात करू नये?

पडदा-सर्जन, नाशिक

सर, अर्धं उत्तर तुमच्या वर्णनातच आहे. डोळा बाहेरून शांत आणि आतून पेटलेला, ही विसंगती दिसली की बुरशी पहिल्या क्रमांकावर धरा. जंतूंचा (बॅक्टेरियाचा) एंडॉफ्थॅल्मायटिस, म्हणजे डोळ्याच्या आतला संसर्ग, एक-दोन दिवसांत पापण्या सुजवून, हायपोपियॉन आणून, रुग्णाला रात्रभर जागवून येतो. बुरशी आठवड्यांच्या चालीने येते. सलाईननंतर डोळ्याची तक्रार उमटायला एक ते सहा आठवडे लागू शकतात, म्हणून रुग्ण स्वतःहून ती सांगत नाही. 'गेल्या दोन महिन्यांत हाताला सुई लागली होती का, बाटली चढवली होती का, लघवीची नळी होती का' असं शब्दशः विचारावं लागतं. 'काही आजार आहे का' या प्रश्नाला 'नाही' हेच उत्तर मिळतं.

आता पांढऱ्या पुंजक्यांकडे बारकाईने बघा. युव्हायटिसचे स्नोबॉल (व्हिट्रियसमधले पांढरे गोळे) बहुधा खाली, कडेच्या बाजूला, सुटे, साधारण एका मापाचे असतात. कॅन्डिडा या बुरशीचे गोळे पडद्यावरच्या (रेटिनावरच्या) मलईसारख्या डागातून वर उगवल्यासारखे दिसतात. कडा कापसासारखी विरलेली असते आणि दोन-तीन गोळे धाग्यात ओवलेल्या मण्यांसारखे एका रेषेत येतात. बाहुली पूर्ण मोठी करून, इनडायरेक्टने (पडदा बघण्याच्या उपकरणाने), रुग्णाला वर-खाली बघायला लावून पाहिल्याशिवाय ही रेषा सापडत नाही. अ‍ॅस्परजिलस याहून आक्रमक बुरशी. त्याला मॅक्युला (पडद्याचा मधला, बारीक नजरेचा भाग) फार आवडतो. तिथे पिवळट पांढरा मोठा डाग, आजूबाजूला रक्तस्राव, आणि कधी पडद्याच्या पुढे किंवा मागे पू साचून त्याची आडवी पातळी दिसते. ही पातळी दिसली तर नजर परत येण्याची आशा कमी असते आणि नातेवाइकांना ते पहिल्याच दिवशी सांगितलं पाहिजे.

पडदा दिसतच नसेल तर बी-स्कॅन (डोळ्याची सोनोग्राफी) करा. व्हिट्रियसमध्ये ठिपके, पडदा जाड झालेला, कोरॉइडला (पडद्यामागच्या थराला) फुगवटा आहे का, पडदा सुटलाय का, एवढं पत्रावर लिहून पाठवलंत तरी आमचा अर्धा तास वाचतो.

तुमच्या ओपीडीत करायच्या गोष्टी थोड्याच आहेत. रॅन्डम साखर आणि एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर). दोन्ही डोळ्यांची तपासणी, कारण दुसऱ्या डोळ्यात लक्षणं नसताना एखादा लहान डाग असतो आणि तोच डोळा वाचवायचा असतो. अ‍ॅट्रोपिन १ टक्का दिवसातून दोनदा, म्हणजे आयरिस (बाहुलीभोवतीचा रंगीत भाग) भिंगाला चिकटणार नाही. बस्स. स्टेरॉइडचे थेंबसुद्धा नमुना काढेपर्यंत थांबवा. डोळ्यामागे ट्रायअ‍ॅमसिनोलोन तर नकोच, कारण ते दोन-तीन महिने तिथे बसून राहतं आणि परत काढता येत नाही. तोंडाची गोळी निदान बंद तरी करता येते.

नॅटामायसिन या बुरशीविरोधी औषधाचे थेंब घालून पाठवलेले रुग्णही येतात. ते बुबुळाच्या (कॉर्नियाच्या) वरच्या थरातल्या बुरशीसाठी उत्तम औषध आहे, पण आत शिरत नाही. व्हिट्रियसमधल्या बुरशीला त्याचा उपयोग शून्य.

आणखी एक गल्लत. १९९५च्या एंडॉफ्थॅल्मायटिस व्हिट्रेक्टॉमी स्टडीचा दाखला देऊन 'हात हलताना दिसतोय, मग व्हिट्रेक्टॉमी (व्हिट्रियस काढण्याचं ऑपरेशन) नको' असं म्हटलं जातं. तो अभ्यास मोतीबिंदू किंवा दुय्यम भिंगाच्या ऑपरेशननंतर सहा आठवड्यांच्या आत आलेल्या तीव्र संसर्गाचा होता. रक्तातून आलेल्या बुरशीला तो नियम लावू नका. इथे गढूळ व्हिट्रियस म्हणजे बुरशीचा साठा, तो लवकर काढलेला बरा. नमुनाही भरपूर मिळतो.

पेट्रीडिश

मायक्रोबायोलॉजीच्या (जंतूंच्या लॅबच्या) बाजूने लिहिते. 'कल्चर (नमुन्यातून जंतू वाढवण्याची चाचणी) निगेटिव्ह आलं, म्हणजे बुरशी नाही' हे वाक्य ऐकलं की आधी नमुना कसा घेतला ते विचारावं.

पुढच्या कप्प्यातून काढलेलं पाणी पुरेसं नाही, त्यात बुरशी सापडण्याची शक्यता व्हिट्रियसपेक्षा बरीच कमी. २३ गेजच्या सुईने व्हिट्रियस ओढलं तर ०.२ ते ०.३ मिली मिळतं, पण बुरशीच्या डोळ्यात जाळं घट्ट असतं, सुई अडकते आणि काहीच येत नाही. मग जोर लावून ओढलं की पडदा फाटतो. अशा वेळी कटरनेच (व्हिट्रेक्टॉमीच्या यंत्रानेच) घ्यावं: इन्फ्यूजन (डोळ्यात सोडायचं द्रव) बंद ठेवून, पहिलं ०.५ ते १ मिली न मिसळलेलं व्हिट्रियस थेट सिरिंजमध्ये, आणि शक्यतो पांढऱ्या पुंजक्याच्या अगदी जवळून. बुरशी त्या गोळ्यात असते, मधल्या द्रवात नसते. नंतर कॅसेटमध्ये (यंत्राच्या डब्यात) जमा झालेलं पातळ द्रवही फेकू नका. ते ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून किंवा सेंट्रिफ्यूज करून वापरता येतं.

काचपट्ट्या आधी आणि प्लेटा (कल्चरच्या बशा) नंतर, असं नको. दोन्ही एकाच वेळी, थिएटरमध्येच. एक पट्टी ग्रॅम रंगासाठी, एक १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडसाठी, जमल्यास कॅल्कोफ्लुअर व्हाइट (बुरशी चमकवणारा रंग) घालून. एक राखून ठेवा. आडव्या भिंती असलेले, टोकदार कोनात फाटे फुटणारे तंतू दिसले तर अ‍ॅस्परजिलस किंवा फ्युझेरियमसारखी बुरशी; कळ्या फुटलेल्या गोल पेशी आणि खोटे तंतू असतील तर कॅन्डिडा; रिबिनीसारखे रुंद, भिंती नसलेले तंतू असतील तर म्युकर. हे तासाभरात कळतं आणि पहिलं इंजेक्शन त्यावरच ठरतं.

प्लेटा: ब्लड अगार, चॉकलेट अगार, साबुरो (बुरशी वाढवण्याचं माध्यम), आणि एक द्रव माध्यम. साबुरो मागवताना त्यात सायक्लोहेक्झिमाइड नाही ना, हे विचारून घ्या. त्वचेच्या बुरशीसाठी वापरतात त्या माध्यमात ते असतं आणि डोळ्यात सापडणाऱ्या कित्येक बुरशींना ते वाढूच देत नाही. लॅबने नेहमीचा म्हणून तोच दिला तर रिपोर्ट निगेटिव्ह येणारच. प्लेटवर थेंब 'सी' अक्षराच्या आकारात टेकवा. वाढ त्या रेषेवर असेल तर ती रुग्णाची, रेषेबाहेर असेल तर बहुधा हवेतली. साबुरो २५ ते ३० अंशांवर, आणि निदान दोन आठवडे टाकून द्यायची नाही.

पत्रावर 'बुरशीची शंका' एवढं ठळक लिहा. न लिहिलेला नमुना ४८ तासांनी 'नो ग्रोथ' म्हणून बंद होतो.

निफाडची ओपीडी

मॅडम, सायक्लोहेक्झिमाइडचं माहीत नव्हतं, आभार. सर, डोळ्यात द्यायच्या बुरशीविरोधी इंजेक्शनचं पातळ करण्याचं गणित एकदा लिहाल का? अँफोटेरिसिनमध्ये चूक झाली तर पडदा जळतो असं ऐकून हात थरथरतो.

पडदा-सर्जन, नाशिक

सावध राहणं योग्यच आहे. मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असल्याने दशांशाची एक चूक दहापट होते. घाईत तोंडी सांगू नका. फळ्यावर लिहा, एकाने करायचं आणि दुसऱ्याने मोठ्याने वाचून पडताळायचं.

व्होरिकोनाझोल: २०० मिग्रॅची बाटली, १९ मिली स्टराइल वॉटर. तयार होतं २० मिली, म्हणजे १ मिलीत १० मिग्रॅ. त्यातलं १ मिली अधिक ९ मिली स्टराइल वॉटर: आता १ मिलीत १ मिग्रॅ. यातलं ०.१ मिली म्हणजे १०० मायक्रोग्रॅम. द्यायची मात्रा हीच.

अँफोटेरिसिन बी, साधं: ५० मिग्रॅची बाटली, १० मिली स्टराइल वॉटर, म्हणजे १ मिलीत ५ मिग्रॅ. त्यातलं १ मिली अधिक ९ मिली ५ टक्के डेक्स्ट्रोज. त्या मिश्रणातलं पुन्हा १ मिली अधिक ९ मिली डेक्स्ट्रोज. आता ०.१ मिलीत ५ मायक्रोग्रॅम. एकदम ०.१ मिली घेऊन ९.९ मिलीत टाकण्याचं गणितही बरोबर येतं, पण ०.१ मिली मोजताना सिरिंजच्या टोकात उरलेलं औषध गणित बिघडवतं. दोन पायऱ्यांत केलेलं सुरक्षित. नॉर्मल सलाईन कुठल्याही पायरीला वापरायचं नाही, औषध साका होऊन बसतं. थिएटरमध्ये हाताशी सलाईनच असतं, म्हणून ही चूक सर्वांत जास्त होते. मिश्रण फिकट पिवळं आणि स्वच्छ दिसलं पाहिजे. गढूळ दिसलं तर फेका.

बाटलीवर 'लायपोसोमल' लिहिलंय का ते आधी वाचा. ती ५० मिग्रॅची असली तरी १२ मिली पाण्यात करतात आणि १ मिलीत ४ मिग्रॅ होतं. वरचं गणित तिला तसंच लावलं तर मात्रा चुकते.

काचपट्टीवर काहीच दिसलं नाही आणि जंतूंचीही शंका उरली, तर व्हॅन्कोमायसिन १ मिग्रॅ आणि सेफ्टाझिडिम २.२५ मिग्रॅ, प्रत्येकी ०.१ मिलीत, वेगवेगळ्या सिरिंजमधून. एकत्र केलं की पांढरा साका तयार होतो. बुरशीचं धरून तीन औषधं म्हणजे ०.३ मिली, तेव्हा तेवढं व्हिट्रियस आधी निघालेलं असावं, नाहीतर दाब चढतो. प्रत्येक इंजेक्शननंतर उजेड कळतोय का हे विचारा आणि ऑप्टिक डिस्कवरची (डोळ्याच्या नसेच्या टोकावरची) रक्तवाहिनी चालू आहे का ते बघा.

जागा: भिंग बसवलेल्या डोळ्यात लिंबसपासून (बुबुळाच्या कडेपासून) ३.५ मिमी, नैसर्गिक भिंग असेल तर ४ मिमी. ५ टक्के पोव्हिडोन आयोडीन आधी.

व्होरिकोनाझोल डोळ्यातून काही तासांतच निघून जातं, व्हिट्रेक्टॉमी झालेल्या डोळ्यातून तर आणखी लवकर. त्यामुळे एका इंजेक्शनवर समाधान मानू नका. एक-दोन दिवसांनी परत लागतं. अँफोटेरिसिन साधारण ४८ ते ७२ तासांनी, तेही डोळा बघून. सुरुवातीला डेक्सामेथासोन (स्टेरॉइड) आत घालत नाही.

सुधारणा कशी दिसते हेही सांगतो, कारण इथे धीर सुटतो. पहिले तीन-चार दिवस गढूळपणा तसाच राहतो. आधी गोळ्यांची विरलेली कडा घट्ट आणि स्पष्ट होते, मग गोळा आक्रसतो. कडा पुन्हा धूसर व्हायला लागली तर औषध पुरत नाहीये.

फिजिशियन, सिन्नर

डोळा हा इथे नमुनादाखल दिसलेला अवयव आहे. बुरशी रक्तातून आली, म्हणजे उगम शोधायला हवा. ब्लड कल्चर दोन जागांहून, लघवीचं कल्चर, क्रिएटिनिन, लिव्हर फंक्शन, एचआयव्ही, पोटाची सोनोग्राफी, गरज वाटल्यास टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी). साखर चढलेली, ताप चालू आणि डोळा पुवाने भरलेला असेल तर सोनोग्राफी त्याच दिवशी. क्लेब्सिएलाच्या यकृतातल्या गळवातून डोळ्यात जंतू जातात आणि तिथे डोळ्याआधी जीव पणाला लागलेला असतो.

औषधं. कॅन्डिडा सिद्ध असेल आणि ती फ्लुकोनाझोलला दाद देणारी असेल तर पहिल्या दिवशी ८०० मिग्रॅ, नंतर रोज ४०० ते ८००, किडनीनुसार कमी. तंतूवाली बुरशी असेल तर व्होरिकोनाझोल: पहिल्या दिवशी ४०० मिग्रॅ बारा तासांनी दोनदा, मग २०० मिग्रॅ बारा तासांनी. निदान चार ते सहा आठवडे. कॅस्पोफंगिन, मायकाफंगिन डोळ्यात पुरेसं पोचत नाही, रक्तातली बुरशी गेली तरी डोळा तसाच राहतो.

व्होरिकोनाझोल उपाशी पोटी, जेवणाआधी किंवा नंतर एक तास सोडून. गोळी घेतल्यावर अर्ध्या तासात काही रुग्णांना दोन्ही डोळ्यांसमोर लखलखाट होतो, रंग बदललेले दिसतात. तासाभरात ते जातं. आधी सांगितलं नसेल तर 'दुसराही डोळा गेला' या भीतीने माणूस गोळी बंद करतो. दुसरं, या गोळीवर ऊन सोसत नाही, कातडी भाजल्यासारखी होते. बागेत राबणाऱ्या माणसाला पूर्ण बाह्यांचा सदरा, टोपी आणि दुपारी सावली हे प्रिस्क्रिप्शनवर लिहून द्यावं.

साखरेच्या गोळ्या विचारा. ग्लिमेपिराइडसोबत फ्लुकोनाझोल किंवा व्होरिकोनाझोल दिलं की ग्लिमेपिराइडचं प्रमाण वाढून साखर एकदम उतरू शकते. शक्यतो त्या काळात इन्सुलिनवर आणा. टीबीची रिफॅम्पिसिन चालू असेल तर व्होरिकोनाझोल देऊच नये. रिफॅम्पिसिन व्होरिकोनाझोलला रक्तात टिकू देत नाही. पाचव्या दिवशी पुढच्या गोळीआधीची रक्तातली पातळी करता आली तर ती १ ते ५.५ मायक्रोग्रॅम प्रति मिली असावी, आणि लिव्हर फंक्शन दर आठवड्याला.

जखमा आणि भिंग

वर रक्तातून येणाऱ्या बुरशीवर छान लिहिलंय. आपल्याकडे संसर्गाच्या आणखी दोन वाटा आहेत.

पहिली बागेतली. ऑक्टोबर छाटणीत ताणलेली काडी सपकन डोळ्यावर बसते, नाहीतर मांडवाची तार ओढताना तुटून टोक आत शिरतं. जखम टाचणीएवढी असते आणि आपोआप मिटलेली दिसते. माती लागलेल्या तारेने किंवा हातोड्यावरून उडालेल्या लोखंडाच्या कपचीने बॅसिलस (मातीतला जंतू) आत गेला तर चोवीस तासांत डोळा जातो: दिसणाऱ्या जखमेच्या मानाने भयंकर दुखणं, डोळा पुढे आलेला, बुबुळात गोल कड्यासारखा पांढरा गळू. सेफॅलोस्पोरिनला (सेफ्टाझिडिमच्या गटाला) बॅसिलस दाद देत नाही, व्हॅन्कोमायसिन हवंच. टाके घालतानाच व्हॅन्कोमायसिन आणि सेफ्टाझिडिम ही दोन्ही अँटिबायोटिक आत द्यावीत, दुसऱ्या दिवसाची वाट बघू नये. आत कपची आहे का यासाठी सीटी, पातळ छेदांचा. एमआरआय मुळीच नाही, लोखंड आत सरकतं. पाठवताना डोळ्यावर पट्टी दाबून बांधू नका. कडक शील्ड लावा, मलम घालू नका, धनुर्वाताचं इंजेक्शन द्या.

काडीने झालेली जखम मात्र दोन-तीन आठवडे गप्प बसून नंतर बुरशीसारखी वागते. 'टाके बरे झाले' म्हणून स्टेरॉइडचे थेंब वाढवायच्या आधी बाहुली मोठी करून आत बघा.

दुसरी वाट मोतीबिंदूनंतरची. ऑपरेशन होऊन चार महिने, वर्षसुद्धा झालेलं. थेंब चालू असेपर्यंत डोळा शांत, बंद केले की परत लाल. हा जंतू क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस असू शकतो. बाहुली पूर्ण मोठी करून भिंगाच्या पिशवीच्या कडेला पांढरा थर शोधा. लहान बाहुलीतून तो दिसत नाही. तिथे याग लेसर मारू नका, पिशवीत कोंडलेले जंतू व्हिट्रियसमध्ये सुटतात. कल्चर ऑक्सिजनविरहित आणि चौदा दिवस. नुसत्या व्हॅन्कोमायसिनच्या इंजेक्शनने तो बहुधा परततो. व्हिट्रेक्टॉमी करून थराखालची पिशवी कापावी लागते, तरी फिरून आला तर भिंगासकट सगळी पिशवी काढावी लागते.

सुई घालण्याआधी थांबायच्या जागाही लक्षात ठेवा. लहान मूल, पांढरी बाहुली किंवा हायपोपियॉन, मार नाही: आधी बी-स्कॅन, चुन्याचे ठिपके आहेत का बघा. रेटिनोब्लास्टोमा असेल तर सुईच्या वाटेने कर्करोग डोळ्याबाहेर पसरतो. व्हिट्रियसमध्ये प्रकाश पडताच हलणारी मोत्यासारखी गाठ दिसली तर सिस्टिसर्कस (पट्टकृमीची अळी). तिला अल्बेंडाझोल (जंताचं औषध) देऊ नका, आत मेली तर होणारी सूज डोळा संपवते. मेंदूचं स्कॅन आधी, मग व्हिट्रेक्टॉमीने अख्खी काढायची. आणि कडेचा पडदा पांढरा पडून आतल्या बाजूला सरकत असेल, धमन्या सुजलेल्या असतील तर नागीण-हर्पिसचे विषाणू. पुढच्या कप्प्यातलं ०.१ मिली पाणी पीसीआरला (जनुकीय चाचणीला), आणि रिपोर्टची वाट न बघता अ‍ॅसायक्लोव्हिर शिरेतून १० मिग्रॅ प्रति किलो दर आठ तासांनी, किडनी सांभाळून. इथेही विषाणूचं औषध सुरू न करता दिलेलं स्टेरॉइड पडदा घेऊन जातं.

निफाडची ओपीडी

शेवटचं एक. रुग्ण नाशिकला तातडीने जाऊ शकत नसेल आणि नमुना इथेच काढावा लागला, तर तो तासाभराच्या रस्त्यावर पाठवायचा कसा? बर्फात?

पेट्रीडिश

कल्चरचा नमुना बर्फात नको, फ्रिजमध्येही नको. सिरिंजमधली हवा काढा, सुई काढून निर्जंतुक टोपण लावा. सुईसकट पाठवू नका, हाताला टोचते आणि नमुना गळतो. खोलीच्या तापमानाला, उन्हातल्या गाडीच्या डॅशबोर्डवर नव्हे, दोन तासांच्या आत पोचवा. उशीर होणार असेल तर थोडा भाग लहान मुलांच्या ब्लड कल्चर बाटलीत घाला. पीसीआर करायची असेल तर ०.१ मिली वेगळ्या निर्जंतुक नळीत काढा, आणि बर्फात फक्त तीच नळी. दोन काचपट्ट्या तुमच्याकडेच पसरवून, हवेत वाळवून सोबत द्या.

फॉर्मॅलिनच्या बाटलीत काहीही घालू नका. बायोप्सीच्या सवयीने परिचारिका तीच बाटली पुढे करते, आणि त्यात गेलेल्या नमुन्यातून काही उगवत नाही. नळीवर रुग्णाचं नाव, कुठला डोळा, वेळ, आणि आधी कुठलं औषध आत दिलंय का ते लिहा. निघताना लॅबला फोन करा, म्हणजे प्लेटा फ्रिजमधून काढून खोलीच्या तापमानाला आणून ठेवता येतात.